डब्यात काय हाय, सांग बरं!

भुलाबाईची गाणी संपतात, टाळ्या थांबतात आणि आजी पदराआडून झाकणाचा डबा काढते. कानाशी धरून हलवते आणि विचारते, "डब्यात काय हाय, सांगा बरं?" इतका वेळ चुळबूळ करणारी नातवंडं एकदम सरसावून बसतात. माहेरी आलेल्या लेकी चाळिशी ओलांडलेल्या असल्या तरी त्याही पुढं सरकतात. पांढुर्णा-सौसर भागातल्या मराठी घरांत वाढलेल्या कुणालाही हे दृश्य नवं नाही.

तरीही ते आम्ही इथं जरा उलगडून सांगणार आहोत. आजी नातवंडांशी आणि लेकींशी रोज जी गंमत करते, ती आपल्याला नुसता विरंगुळा वाटते. आपल्या भागातली मराठी मात्र बरीचशी त्या गमतीवरच उभी आहे.

शाळा हिंदी, ओसरी मराठी

1956 पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि आपला भाग आणि विदर्भ एकाच राज्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भातले मराठी जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि पुढे 1960 साली महाराष्ट्रात आले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला, त्याच्यासोबत सौसर आणि पांढुर्णाही राहिले. 2023 साली हे दोन्ही तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. सरकारी कागद आणि शाळेची पुस्तकं बहुतेक हिंदीत राहिली. नातेसंबंध मात्र नरखेड, काटोल, वरुड, नागपूरशी पूर्वीसारखेच चालू राहिले. लेकी तिकडं दिल्या, सुना तिकडून आणल्या.

म्हणून आपल्याकडचं मूल दिवसभर हिंदीत शिकतं आणि संध्याकाळी मराठीत जेवतं. शाळेत मराठीचा तास नसला, तरी घरी तो घेणारी एक बाई असते. तिला स्वतःला मात्र ती कधीच शिकवणं वाटत नाही.

उन्हाळा: कुरड्या, पापड आणि चंगाअष्टा

उन्हाळ्यात लेकी पोरांना घेऊन माहेरी येतात. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून त्याचा चीक काढला की आजीचा खेळ सुरू होतो. गरम चीक वाटीत पडावा म्हणून नातवंडं चुलीभोवती रांग लावतात. पापडाच्या दिवशी तेलात बुडवलेल्या लाटीवर डोळा असतो. आजी फुकट देत नाही. गच्चीवरच्या बाजेवर पापड वाळत असतात, त्यांची कावळ्यांपासून राखण करायची, मगच लाटी मिळते. हातात काठी घेऊन उन्हात बसलेला पाच वर्षांचा राखणदार स्वतःच किती पापड खातो, ते आजी मोजते आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर हिशेब वाचून दाखवते.

दुपारी ओसरीवर खडूनं चंगाअष्ट्याचा पट आखला जातो. पाच गुणिले पाच, म्हणजे पंचवीस घरं. दोन चिंचोके मधून फोडले की चार फाका होतात. एक बाजू पांढरी, दुसरी तपकिरी. जितक्या पांढऱ्या बाजू वर पडतील तितकी घरं सोंगटी पुढं जाते. चारही पांढऱ्या पडल्या तर चंगा, चारही तपकिरी पडल्या तर अष्टा, म्हणजे आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा डाव मिळतो. बाहेरची सोळा घरं फिरून सोंगटी आतल्या आठ घरांत येते आणि तिथून मधल्या घरात पोचते. फुलीच्या घरात बसलेल्याला कुणी मारत नाही. बऱ्याच घरी एक नियम पक्का असतो: दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही.

आजी चष्मा लावत नाही. "मले दिसत नाही रे बाप्पा," म्हणत एक घर हळूच जास्त चालते. नातू ओरडतो. त्याची आई, म्हणजे आजीची लेक, आजीचीच बाजू घेते. मग मावशीही तिकडं फितूर होते. तिघींनी मिळून पोराला चिडवायचं आणि पोरानं भांडून आपलं घर परत मिळवायचं. भांडण मराठीतच करावं लागतं, कारण पंच आजी असते आणि ती हिंदीतली तक्रार ऐकूनच घेत नाही. भाषा वहीत येण्याआधी अशी भांडणात येते.

पोळ्याचा दुसरा दिवस

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात पोरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात. पांढुर्ण्यात त्याच दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध झेंडा लावलेलं पळसाचं झाड रोवतात आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे, दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक दगडफेक करतात. दरवर्षी कितीतरी लोक जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. त्या दिवशी वाढत्या वयाच्या नातवाला घरात धरून ठेवणं हे घरातल्या बायांचं मोठं काम असतं. रागावून तो थांबत नाही. आजी त्याला गमतीत अडकवते.

"नदीकडं जायचं ना? पहिले माह्या कोड्याचं उत्तर दे. एकाच घरात दहा बहिणी, साऱ्यायचा मिळून अंगरखा एकच, अंगरखा काढला का घरभर वास."

संत्र्याच्या गावातलं पोर हे लगेच ओळखतं. आजी पुढचं टाकते: "घरी कोणी नसलं तवाच दारावर बसते, मालक आला का निघून जाते."

"ताला!"

"उत्तर बरोबर. पण माह्याजवळ मराठी उत्तर चालते."

पोर स्वयंपाकघरात धावतं. आई चुलीपाशी असते, मावशी पुरण वाटत असते. दोघी एकमेकींकडं पाहून हसतात आणि सांगत नाहीत, कारण लहानपणी त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. "कुलूप" हा शब्द हाती लागेपर्यंत अर्धी दुपार जाते. तोवर आजीचं दुसरं कोडं तयार असतं. नदीवरचा गलका ऐकू येत राहतो आणि नातू ओसरीवरच राहतो.

भुलाबाईचा डबा

भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. विदर्भात आणि खानदेशात हा महिना मुलींचा आणि माहेरवाशिणींचा. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर, मांडीवर गणेश. मातीच्या मूर्ती आणतात, कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात. महाराष्ट्रात इतरत्र भोंडला किंवा हादगा असतो, त्याची ही बहीणच. आता कितीतरी घरी महिन्याऐवजी पाच दिवस किंवा एकच संध्याकाळ भुलाबाई होते, पण खाऊ ओळखण्याचा खेळ कुणी सोडलेला नाही.

खेळाचे नियम साधे असतात. डबा उघडायचा नाही. विचारायचं आणि ओळखायचं. गोड का तिखट? तळलेलं का भाजलेलं? हलवलं का वाजते का नाही वाजत? मग एकामागून एक नावं येतात: करंजी, सांजोरी, अनारसा, गुळपापडी, शेव, फुटाणे, मुरमुऱ्याचा लाडू. चुकलं की दुसऱ्याची पाळी.

एखादी नात म्हणते, "आजी, वो कुरकुरावाला है क्या?" आजी विचारते, "कुरकुरीत का खुसखुशीत? दोन्ही एक नाही व पोरी." दाताखाली आवाज करतं ते कुरकुरीत, तोंडात टाकल्याबरोबर विरघळून भुगा होतं ते खुसखुशीत. शेव पहिली, करंजी दुसरी. पुस्तकात हा फरक सांगायला अर्धं पान लागेल. इथं तो डबा उघडल्यावर जिभेवर कळतो आणि कळला की विसरत नाही. खमंग, चिवट, मऊसूत, पाणचट हे शब्द आपल्या पोरांना बहुतेक असेच मिळाले आहेत.

लेकींची थट्टा

आजीच्या गमतीत लेकींचाही वाटा असतो. सासरी सून, नोकरीत मॅडम असलेली बाई माहेरच्या दारात आली की पुन्हा "बेबी" नाहीतर "छोटी" होते. आपल्या आईलाही कुणी रागावू शकतं, हा नातवंडांसाठी मोठा आनंदाचा शोध असतो.

आपल्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीत बाया स्वतःबद्दल "मी जातो, मी करतो" असंच बोलतात. पुण्या-मुंबईत राहून आलेली लेक पहिल्या दिवशी "मी जाते" म्हणते. आजी तिची नक्कल करते, "जाऽते म्हणे!" तिसऱ्या दिवशी लेकही "मी जातो" म्हणू लागते आणि तिची पोरं खो खो हसतात, आई पोऱ्यासारखी काऊन बोलते म्हणून. मग जेवताना आजी घास अडवते: नाव घेतल्याशिवाय भाजी वाढणार नाही. लेक जागच्या जागी जुळवते,

"संत्र्याच्या झाडाले पानं हिरवीगार,
रावांचं नाव घेतो, उघड माय दार."

"दार उघडंच हाय, नाव कुठी घेतलं?" आजी विचारते आणि भाजी अडवूनच ठेवते.

उत्तरं आठवतात, कोडी आठवत नाहीत

पूर्वी महिनाभर टिकणारं माहेरपण आता चार दिवसांवर आलं आहे. नातवंडं व्हिडिओ कॉलवर भेटतात. त्यांना समजावं म्हणून आजीच हिंदीत बोलू लागते. ते तिच्या मायेनं होतं, दोष कुणाचाच नाही. पण त्या क्षणी आपला तो एकुलता मराठीचा तासही संपतो.

आमच्यातल्या काही जणींनी आपल्या आजीची कोडी लिहून काढायला घेतली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. उत्तरं सगळ्यांना आठवत होती: संत्रा, कुलूप, जातं, सावली. कोडं मात्र पूर्ण आठवेना. विचारणारी कायम आजी होती, आम्ही नेहमी उत्तर देणाऱ्याच राहिलो. तिच्या माघारी उत्तरं उरली आणि विचारायचे शब्द तिच्यासोबत गेले.

जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी वेळेवर काम केलं. गावोगावच्या बायांकडून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आज वाचायला मिळतात. आपल्या ओसरीवरच्या कोड्यांना आणि चिडवण्याला असं कुणी लिहून ठेवेल, याची वाट पाहण्यात अर्थ नाही. लिहिलं तरी ते खेळल्याशिवाय जिवंत राहत नाही.

म्हणून आमची एकच विनंती आहे. या भुलाबाईला डबा नातीच्या हाती द्या आणि आजीला ओळखायला बसवा. खाऊ नातीनंच निवडावा, डबा तिनंच हलवावा, "गोड का तिखट" याचं उत्तरही तिनंच द्यावं. विचारणाऱ्याला शब्द जवळ ठेवावे लागतात. ती अडली तर आईनं आणि मावशीनं लगेच सांगू नये, थोडं हसावं. आणि आजी मुद्दाम चुकीची उत्तरं देईल, तेव्हा तिला ओरडून सांगू द्या, "नाही आजी, तू हारली, आता माही पाळी!"