गाव नेमकं कुणी ठरवायचं?

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतून बोलतोय. आपल्या जिल्ह्यात तालुके बारा. गडचिरोलीतही बाराच! पण २०११च्या जनगणनेत आपण ३८ लाखांवर, ते पावणेअकरा लाखांच्या आसपास. क्षेत्रफळ मात्र त्यांचं आपल्या जवळपास दुप्पट.

२६ ऑगस्ट १९८२ला हा जिल्हा चंद्रपूरमधून वेगळा झाला. आत डोकावलात तर प्रत्येक तालुक्याचा आवाज निराळा. भामरागड, एटापल्लीत माडिया गोंड. सिरोंचाकडे तेलुगू, कारण पलीकडं तेलंगणा. कोरचीकडे छत्तीसगडी. मुलचेरा, चामोर्शीत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची बंगाली गावं. सुमारे ३९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे.

आता खरी अडचण बघा. जंगलात वस्ती विखुरलेली असते, छोटे-छोटे टोले. असे अनेक टोले आणि गावं मिळून एकच ग्रामपंचायत. मग लहान टोल्याशेजारच्या जंगलाचा निर्णय मोठ्या गावातल्या सभेत होणार. हात वर करणारे जास्त कुठले? मोठ्या गावाचेच!

यावर उत्तर म्हणून १९९६ साली पेसा कायदा आला. अनुसूचित क्षेत्रात जो समाज आपले व्यवहार एकत्र चालवतो, त्याची वस्ती म्हणजे गाव. महाराष्ट्राचे नियम २०१४चे. टोल्यातल्या मतदारांनी ठराव करून स्वतंत्र गावाची मागणी करायची. मान्य झालं की स्वतःची ग्रामसभा. तेंदू, बांबूसारख्या वनोपजावर तिचा हक्क.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं तर त्याआधीच वाट दाखवली. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढं ग्रामसभेनं स्वतः बांबू विकला.

आणि आपल्याकडे? शाहूवाडी, गगनबावड्याच्या डोंगरांत धनगरवाडे आहेतच की. तेही असेच लांब-लांब. पण कोल्हापुरात अनुसूचित क्षेत्र नाही, म्हणून पेसा लागू नाही. वनहक्क कायदा मात्र इथंही चालतो. आदिवासी नसलेल्यांना जंगलातला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास दाखवावा लागतो, एवढंच.

हे 'एवढंच' कागदावर सिद्ध करणं सोपं नाही. तुमचा कुणी दोस्त धनगरवाड्यावरचा असेल, तर हा भाग त्याला नक्की पाठवा. आजी-आजोबांकडचे जुने कागद त्यानं आजच शोधायला घ्यावेत. भेटू पुढच्या भागात!