ख्रिस्ती स्तवनाचा मराठी सूर

ज्या श्रद्धेला यहुदी लोकांच्या स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रे वारसाहक्काने लाभली, तिच्या उपासनेत गायन हे प्रार्थनेचेच एक रूप ठरावे, हे स्वाभाविकच होय. महाराष्ट्रात मात्र एकोणिसाव्या शतकात मिशनरी मंडळींबरोबर पाश्चात्त्य चालीही आल्या, आणि त्या चालींच्या मापात मराठी शब्द बसविताना ऱ्हस्वदीर्घाची जी ओढाताण झाली, तिच्यापायी अर्थ समजूनही अंतःकरण द्रवेना.

ही उणीव भरून काढण्याचे श्रेय मुख्यत्वे रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे जाते. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने, आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तचरणी पोहोचलो अशी स्वतःची भूमिका ठेवून, अभंगाचा घाट निःसंकोचपणे स्वीकारला आणि ख्रिस्ताला माउली म्हणून आळविले. माझ्या मते त्यांचे खरे सामर्थ्य या संबोधनात आहे. कारण वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हा शब्द कोणी समजावून सांगावा लागत नाही. (गोमंतकात फादर स्टीफन्स यांनी 1616 साली छापलेल्या ख्रिस्तपुराणासाठी ओवीच निवडली होती, हेही येथे स्मरणीय आहे.)

अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तनाचीही परंपरा रुजली. पूर्वरंगात विषयाचे निरूपण, उत्तररंगात बायबलमधील आख्यान, आणि साथीला टाळमृदंग, असा तिचा सर्वसाधारण थाट असे. टिळकांची पुष्कळ पदे ‘उपासना संगीत’ या संग्रहात समाविष्ट असून, रविवारच्या उपासनेत मराठी मंडळ्या ती आजही उभ्याने गातात.