आपली आष्टी कोणती?

दसरा जवळ आला की कडा गावच्या माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक बदलतं. एरवी हॉर्न, हेडलाईट, बॅटरी, वायरिंग ही रोजची कामं. पण ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात असल्या की मुकादम येऊ लागतात. टोळी ट्रकनं नाहीतर ट्रॅक्टरनं जाते. मुकादमाला मात्र पुढचे पाच-सहा महिने मोटारसायकलवरच काढायचे असतात. एक टोळी सांगलीकडे, दुसरी सोलापूरकडे, तिसरी थेट कर्नाटकात. सगळ्यांचं सांगणं एकच, "भाऊ, रस्ता दाखवायचं ते जीपीएस बसवून द्या. पण खड्ड्यात आपटलं तरी निघता कामा नये."

गाडी दुकानातून बाहेर पडते तेव्हा लोकांना हँडलवरचा पडदा तेवढा दिसतो. त्याच्या मागं काय काय घडतं, त्याचे हे किस्से.

एक नाव, अनेक गावं

एका मुकादम तात्यांची गोष्ट मी प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाला सांगतो. हंगाम चालू होता आणि तात्या कर्नाटकातून पंढरपूरमार्गे घरी निघाले होते. अंधार पडायला लागला म्हणून मोबाईलमध्ये नुसतं 'आष्टी' टाकलं आणि मोबाईल सांगेल तशी गाडी वळवत राहिले. रात्री आष्टी आली, पण मोहोळ तालुक्यातली. घर अजून शंभर किलोमीटरच्या वर होतं. त्या रात्री तात्या देवळाच्या ओसरीवर झोपले.

आष्टी बीड जिल्ह्यात आहे तशी वर्ध्यात आहे, जालन्याच्या परतूर तालुक्यात आहे, गडचिरोलीतही आहे. सावरगाव, धानोरा, धामणगाव ही नावं तर किती जिल्ह्यांत सापडतील! त्यात आमचा आष्टी तालुका बीड जिल्ह्यात असला तरी पिनकोड नगरच्या बाजूचा, ४१४ नं सुरू होणारा.

म्हणून मी हँडलला हात लावायच्या आधी गिऱ्हाईकाचा मोबाईल मागतो. घर, कारखाना, टोळीचा मुक्काम या ठिकाणांना नावानं शोधायचं नाही. एकदा प्रत्यक्ष तिथं उभं राहायचं आणि ती जागा खूण करून जतन करायची. जागेचे आकडे दशांशानंतर चार घरांपर्यंत असले, तर अक्षांशातला शेवटचा अंक म्हणजे जमिनीवर साधारण अकरा मीटर. एवढ्यात टोळीची कोपी, म्हणजे मुक्कामाची झोपडी, सापडते. फड बदलला आणि टोळीनं मुक्काम हलवला, की त्याच दिवशी जुनी खूण पुसून नवी करायची.

'रेंज गेली'

दुसरा किस्सा एका पोराचा. मच्छिंद्रनाथांच्या सावरगावाकडे डोंगरातून जाताना त्याचा नकाशा कोरा पडला. तणतणत दुकानात आला, "दादा, तुम्ही बसवलेल्याला रेंजच येत नाही."

मी त्याला बाकड्यावर बसवलं आणि समजावलं. जीपीएसला मोबाईलची रेंज लागतच नाही. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून बोलत असतात आणि आपलं यंत्र नुसतं ऐकतं. चार उपग्रहांचा आवाज आला की आपण कुठं आहोत हे त्याला कळतं. रेंज लागते ती नकाशाचं चित्र उतरवून घ्यायला. घरी बसून जिल्ह्याचा नकाशा मोबाईलमध्ये भरून ठेवला असता, तर डोंगरात काही अडलं नसतं.

एक गोष्ट मात्र खरी आहे. इंटरनेट नसलेलं आणि बरेच दिवस बंद पडून राहिलेलं यंत्र चालू केलं, की पहिली जागा धरायला त्याला वेळ लागतो. एका उपग्रहाकडून त्याच्या फिरण्याचा नेमका हिशेब मिळायला अर्धं मिनिट लागतं. सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक पुरतं उतरायला साडेबारा मिनिटं जातात. म्हणून निघण्याआधी उघड्या आभाळाखाली उभं राहा, चहा घ्या, त्याला ऐकू द्या. पत्र्याखाली चालू करून लगेच गाडी दामटली तर ते बावचळणारच.

कोणतं घ्यावं?

हा प्रश्न रोजचा. मोटारसायकलसाठीच बनवलेली यंत्रं मिळतात, गार्मिनच्या झुमोसारखी. पाऊस सोसतात, हातमोजे घालून चालवता येतात, भर उन्हात पडदा दिसतो. लडाखला जाणाऱ्यानं ते जरूर घ्यावं. काही गाड्यांत आता मीटरजवळच बाण दिसतो. रॉयल एनफिल्डनं २०२० मध्ये मिटिओर ३५० बरोबर 'ट्रिपर' नावाचं गोल तबकडीचं यंत्र आणलं. ते ब्लूटूथनं मोबाईलला जोडायचं, मोबाईल खिशातच राहतो.

पण आमच्या गिऱ्हाईकाच्या खिशाला हे झेपत नाही. त्याला मी सांगतो, घरात पडलेला जुना मोबाईल आण. सिमकार्ड नको, नकाशे भरून घे आणि तो गाडीचाच करून टाक. रोजचा मोबाईल खिशात राहू दे. पडलाच तर घरी फोन करायला तोच लागतो.

उन्हाचं भान मात्र ठेवावं लागतं. अनेक मोबाईल कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच वापरा म्हणून सांगतात, आणि आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो. उन्हात चार्जिंगला लावलेला, पडदा पूर्ण उजळलेला मोबाईल आतून तापतो, आधी चार्जिंग थांबवतो आणि मग बंद पडतो. काळं जाड कव्हर काढून टाका, पडद्यावर लहानसा छज्जा लावा आणि गाडी उभी केली की मोबाईल सावलीत घ्या.

ट्यूबचा तुकडा

लग्नाचे फोटो काढणारा एक मित्र बुलेटवर फिरतो. एकदा म्हणाला, "मोबाईलचा फोटो थरथरतोय रे. पडला नाही, आपटला नाही." मी त्याच्या हँडलकडे पाहिलं. लोखंडी होल्डर, नटानं करकचून आवळलेला, मध्ये रबर नाही. इंजिनाचा सगळा धडधडाट थेट मोबाईलात जात होता. चांगल्या कॅमेऱ्याचं भिंग बारीक आधारांवर तरंगतं ठेवलेलं असतं, हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून. तेच या थरथरीनं निकामी होतं. २०२१ च्या सप्टेंबरात ॲपल कंपनीनं आपल्या फोनबद्दल हा इशारा लेखी दिला होता. मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलवर फोन थेट बसवू नका, बसवलाच तर हादरे शोषणारा होल्डर वापरा, असं त्यात सांगितलं होतं.

आता बसवण्याची माझी रीत. बहुतेक साध्या गाड्यांचं हँडल बावीस मिलिमीटरचं असतं. क्लॅम्प त्यापेक्षा सैल असला की खड्ड्यागणिक फिरतो आणि फार आवळला की चिरतो. म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा कापायचा, आतली पावडर पुसायची, हँडलवर एकच वेढा घट्ट ताणून गुंडाळायचा आणि त्यावर क्लॅम्प बसवायचा. बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडा-थोडा आवळायचा, एका बाजूनं संपवायचा नाही. मग हँडल डावीकडे पुरतं, उजवीकडे पुरतं फिरवून पाहायचं. क्लचची केबल अडकते का? ॲक्सिलेटरची केबल ओढली जाते का? हे न बघता गाडी दिली तर पहिल्याच वळणावर ॲक्सिलेटर वाढलेला राहू शकतो. इथं माणसाचा जीव जातो.

जागा मीटरच्या वरची. टाकीवर बसवायला सोपं पडतं, पण तिथं बघायला मान खाली घालावी लागते, आणि साठच्या वेगात गाडी सेकंदाला सोळा मीटरच्या वर जाते. बघायला डोळे हलावेत, मान हलू नये. कायद्याचंही तेच म्हणणं आहे. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमात गाडी चालवताना मोबाईलचा वापर फक्त रस्ता बघायला, आणि चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनंच करायला मुभा आहे.

सकाळी गाडी मुकी

दूध गोळा करणाऱ्या एका भाऊनं दुसरीकडून चार्जर बसवून घेतला होता. वायर थेट बॅटरीवर. रात्री मोबाईल तसाच लागलेला राहिला आणि पहाटे स्टार्टर दाबला तर नुसती टकटक. दूध घेऊन जायची वेळ टळली. छोट्या गाडीची बॅटरी तीन-चार अँपिअर-अवरची असते. मोबाईल जोरात चार्ज व्हायला लागला की त्यातून तासाला जवळपास एक अँपिअर-अवर जातो.

म्हणून मी टेस्ट लॅम्प घेऊन हेडलाईटच्या डोममध्ये अशी वायर शोधतो, जिच्यात चावी लावल्यावरच करंट येतो आणि चावी काढली की जातो. तिथून दोन अँपिअरचा फ्यूज घालून चार्जर जोडतो. जोड नुसता पिळून टेप मारायचा नाही. डाग द्यायचा, वर स्लीव्ह चढवायची आणि वायर खाली लोंबू द्यायची नाही, म्हणजे पाणी जोडात उतरत नाही.

वरचं घड्याळ

"वरून चुकतं का हो कधी?" असं गिऱ्हाईक विचारतं. चुकू नये म्हणून केवढी धडपड चालते, ते मी आवडीनं सांगतो. उपग्रहात अणुघड्याळ असतं. वेग आणि उंची यांमुळं ते जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला एका सेकंदाच्या दहालाखांश हिश्शांतले ३८ हिस्से पुढं जातं. तेवढंही दुरुस्त केलं नाही, तर दिवसभरात किलोमीटरांची चूक साठते. भारताच्या स्वतःच्या दिशादर्शक यंत्रणेचा, म्हणजे नाविकचा, पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये वर गेला आणि पुढं त्याची परदेशातून आणलेली घड्याळं बंद पडली. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये दुसरा पाठवला, तर त्याचं उष्णतारोधक कवचच उघडलं नाही आणि उपग्रह आत अडकून राहिला. एप्रिल २०१८ मध्ये पुन्हा पाठवला, तेव्हा जमलं. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये मात्र भारतात बनलेलं अणुघड्याळ आहे. हे आठवलं की चार बोल्ट आवळताना माझा हात घाई करत नाही.

यंदा कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपला आणि तात्या पुन्हा दुकानात आले. क्लॅम्प हलला नव्हता, ट्यूबचा तुकडा तेवढा उन्हानं चिरला होता. तो बदलताना त्यांनी सांगितलं. जानेवारीत एका रात्री कोपीवरचं लेकरू तापानं फणफणलं. १०८ ला फोन लावला, पण उसाच्या फडात पत्ता कसा सांगायचा? तात्यांनी जवळच्या देवळाची खूण पाठवली आणि गाडी घेऊन तिथं उभे राहिले. तिथून पुढं पाणंदीतून, हँडलवरच्या रेघेच्या मागं, त्यांनी रुग्णवाहिका कोपीपर्यंत नेली. लेकरू बरं झालं.

रबर बसवून मी पडदा चालू केला. जतन केलेल्या खुणांची यादी उघडली. डॉक्टर. किराणा. देऊळ. टोळी नंबर दोन. आणि सगळ्यात वर, तात्यांनी स्वतः एकेक अक्षर दाबून लिहिलेलं नाव होतं, 'आष्टी आपली'.