देवाचा पलंग निघतो तेव्हा

आषाढी जवळ आली की पंढरपुरात विठ्ठलाच्या शेजघरातला पलंग विधिवत काढतात. गर्दीला दर्शन द्यायचे, तर देवाला झोप कशी परवडेल? चोवीस तास दर्शन चालू राहते, काकडा आणि शेजारती थांबतात. रात्रंदिवस उभ्या देवाला टेकायला पाठीशी लोड देतात, रुक्मिणीमातेला तक्क्या.

यात्रा सरली की प्रक्षाळपूजा. मला ही पूजा सगळ्या नित्योपचारांचे मर्म वाटते. देव दमला आहे, हे इथे मनापासून मानलेले असते. असंख्य हातांनी स्पर्शिलेल्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात, आणि रात्री शीण उतरावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात. पलंग पुन्हा शेजघरात येतो.

मग रोजचा क्रम सुरू होतो. पहाटे काकड्याला देवाला जाग आणायची, लोणी-खडीसाखर द्यायची. त्यामागून पंचामृताचा अभिषेक, पोशाख, कपाळी गंध. दुपारी महानैवेद्य, सायंकाळी धूपारती, रात्री शेजारती. ऋतूही देवाला लागतात: गुढीपाडव्यापासून मृग निघेपर्यंत उन्हाच्या तलखीत अंगाला चंदनाची उटी लावतात.

एवढ्या सेवेसाठी कामांची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती. पूजा पुजाऱ्यांनी करायची, मंत्र बेणाऱ्यांनी म्हणायचे, पाणी परिचारकांनी आणायचे, आरती-पदे हरिदासांनी गायची. स्नान-पोशाख झाल्यावर डिंगरे देवासमोर आरसा धरत, म्हणजे नटलेले रूप आधी स्वतः देवाने पाहायचे. दिवटे मशाल धरत, डांगे चांदीची काठी घेऊन उभे राहत. या सात सेवाधारी घराण्यांवर बडव्यांची देखरेख असे, रुक्मिणीमातेकडे उत्पात.

१९७३च्या पंढरपूर मंदिरे कायद्याने हे वंशपरंपरागत हक्क संपवले. न्यायालयीन लढाई मात्र चार दशके चालली आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारी नेमण्यासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. १९४७ साली साने गुरुजींनी अस्पृश्यांना याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले होते. त्या वाटेवरचे हे पुढचे पाऊल मी मोलाचे मानतो. हक्कदार बदलले, पण पहाटेचा काकडा आणि रात्रीची शेजारती पूर्वीसारखीच चालू आहे.