वंशवृक्षाची देवाणघेवाण

नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत अनेक कुळांची नावे पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली आढळतात. आज पुष्कळ कुटुंबे आपली वंशावळ संगणकावर ठेवतात. निरनिराळ्या संगणक-प्रणालींना ती वाचता यावी, म्हणून १९८४ मध्ये ‘जेडकॉम’ ही लेखनपद्धती निघाली. या पद्धतीच्या फाईलीत नावे, तारखा व नाती असतात. छायाचित्रांचा मात्र बहुधा केवळ ठावठिकाणा असतो. त्यामुळे नुसती फाईल धाडली, तर दूरच्या आप्तास पणजीचे नाव कळते, मुद्रा दिसत नाही. २०२१ मधील सातव्या आवृत्तीने दोन्ही एकाच गाठोड्यात बांधण्याची सोय केली. तथापि, हयात माणसांची माहिती त्यांच्या संमतीवाचून कोणास देऊ नये. प्रत्येक छायाचित्रासोबत नावही अवश्य लिहावे. नाहीतर पुढील पिढीस आपलेच पूर्वज परके वाटतील.