जळीत ऊस : कायदा काय म्हणतो, आणि आपण काय करायचे



संक्रांत झाली की आपल्या भागातली हवा पालटते. सकाळचे दव लवकर उडते, उसाची खालची पाने खडखडीत वाळतात आणि दुपारी वारा सुटतो. याच दिवसांत पुणतांबा आणि आसपासच्या गावांतून गट ऑफिसला निरोप यायला लागतात, "साहेब, ऊस पेटला." बारा-पंधरा महिने पोटच्या पोरासारखा सांभाळलेला ऊस अर्ध्या तासात काळा होतो. दुसऱ्या दिवशी शेतकी खात्यात येणारा प्रश्न ठरलेला असतो : "आता आमची भरपाई कोण देणार?"

या प्रश्नाचे उत्तर एका कायद्यात सापडत नाही. 'जळीत उसाचा कायदा' असा काही वेगळा कायदाच नाही. थोडे जमीन महसुलाच्या कायद्यात आहे, थोडे ऊस नियंत्रण आदेशात, थोडे विजेच्या नियमांत आणि थोडे फौजदारी कायद्यात. हे तुकडे जोडायचे काम सभासदालाच करावे लागते, आणि त्यातले निम्मे काम आग लागण्याच्या आधीच करून ठेवायचे असते. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

सारा लहान, नोंद मोठी

आपला सातबारा मुळात सारावसुलीसाठी जन्मला. जमिनीचा मगदूर पाहून आकारणी ठरायची आणि तो 'आकार' आजही आपल्या उताऱ्यावर असतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ सालचा. तो १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आला. एकरभर उसाच्या उत्पन्नापुढे आकाराचा आकडा किरकोळ असतो, म्हणून पुष्कळ सभासद त्या कागदाकडे कर्ज काढायच्या वेळीच बघतात. इथेच घोटाळा होतो.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची हे असते, तर बारामध्ये त्या जमिनीत यंदा काय पीक उभे आहे हे असते. ऊस जळाल्यावर पंचनामा करणारा माणूस हा बारा नंबरचा नमुनाच आधी बघतो. तिथे उसाची नोंद नसेल, किंवा मागच्या वर्षीचा गहू-हरभराच दिसत असेल, तर शेतात उभ्या राहिलेल्या काळ्या कांड्या कागदावर ऊस ठरत नाहीत.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची, अशी ही पद्धत. ज्यांना मोबाईल जमत नाही त्यांनी घरातल्या शाळा-कॉलेजच्या पोरांना सांगावे, पण नोंद करावी. ती झाल्यावर उतारा काढून गट नंबर, क्षेत्र आणि पीक तपासून घ्यावे.

दुसरी अडचण भाऊवाटणीची. बांध पडलेला, वहिवाट वेगळी, पण उताऱ्यावर अजून वडिलांचेच नाव. अशा ठिकाणी ऊस एका भावाचा, उतारा दुसऱ्याचा आणि कारखान्याची नोंद तिसऱ्याच्या नावावर असाही प्रकार आढळतो. आग लागेपर्यंत हे चालून जाते, नंतर मात्र भाऊ-भाऊ कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. जमिनीत हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यावी, असे याच अधिनियमाचे कलम १४९ सांगते. लेखनाची चूक असेल तर कलम १५५ खाली दुरुस्ती मागता येते. हे अर्ज सवडीने नव्हे, हंगामाच्या आधी करावेत.

कारखान्याची नोंद आणि चौदा दिवस

केंद्र सरकारचा ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ चा, आणि राज्याचा गाळप व ऊसपुरवठा यांचे नियमन करणारा आदेश १९८४ चा. या दोहोंच्या चौकटीत कारखान्याला गाळप परवाना मिळतो आणि आपला ऊस येतो. नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत दर चुकता करायचा असतो. उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज. या हिशेबाची सुरुवात काट्याच्या पावतीपासून होते. तेव्हा जळीत उसाची प्रत्येक पावती जपून ठेवा. पावतीवर 'जळीत' असा शेरा आहे काय, कपात किती होणार, हे गट ऑफिसात त्याच दिवशी विचारा आणि लेखी घ्या. पुढे कोणाकडेही भरपाई मागायची झाली तर 'एवढा ऊस होता, एवढाच भरला, एवढा दर कमी पडला' हे याच पावत्या सांगणार आहेत.

लागणीची नोंदही तशीच महत्त्वाची. लागण आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, जात कोणती, तारीख कोणती, हे चिटबॉयला नीट सांगा. सातबारा आणि कारखान्याची नोंद यांचा गट नंबर एकच पाहिजे.

तार किती उंच?

पुष्कळशा आगी तारांमुळे लागतात. झोळ पडलेल्या तारा वाऱ्याने एकमेकींवर आदळतात, ठिणगी पाचटावर पडते आणि काम संपते. विजेच्या सुरक्षा नियमांत रस्ता सोडून इतर जागी अकरा केव्हीपर्यंतची उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटर, म्हणजे सुमारे पंधरा फूट उंच हवी, असे सांगितले आहे. आपला आडसाली ऊस तुऱ्यासकट बारा फुटांच्या पुढे सहज जातो. तार झोळ खाऊन खाली आली की तिच्यात आणि शेंड्यात अंतर उरतच नाही.

म्हणून झोळ दिसला की तोंडी सांगून थांबू नका. महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या, डीपीचा आणि खांबाचा नंबर लिहा आणि पोहोच घ्या. १९१२ या नंबरावर तक्रार केली तर तक्रार क्रमांक टिपून ठेवा. आग लागून गेल्यावर, ही कागदाची चिठ्ठी 'आम्ही आधीच सांगितले होते' याचा पुरावा ठरते. ती नसेल तर भांडण नुसते तोंडाचे राहते.

तारेने ऊस जळाला असेल तर विद्युत निरीक्षकाकडे तपासणीसाठी अर्ज करावा. कारण ठरवणारा त्यांचा अहवाल फार उपयोगी पडतो. तुटलेली तार, फुटलेली चिमणी यांना हात लावू नये; लांबून फोटो काढावेत. दाद मिळाली नाही तर ग्राहक आयोगाचे दार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

पेटवून आणलेला नंबर

आता जरा कडू बोलायचे आहे. सगळा ऊस काही तारेने जळत नाही. तोडीचा नंबर लांब आहे, टोळी येत नाही, ऊस वाळत चाललाय, अशा वेळी कोणीतरी कानात सांगतो, "लावा काडी, उद्या टोळी येते." जळालेल्या उसाला पाचट काढायचे काम राहात नाही, टोळीला तोड सोपी जाते आणि जळीत म्हणून ऊस लगेच उचलावा लागतो. सभासदाची अडचण आम्हांला कळते. तोडणीचा कार्यक्रम विस्कळीत झाला की ज्याचा ऊस उभा असतो त्याचाच जीव टांगणीला लागतो. पण तो नंबर येतो कुठून? तो शेजाऱ्याच्या ताटातून काढलेला असतो. ज्याने निमूटपणे आपल्या पाळीची वाट पाहिली त्याचा ऊस मागे ढकलला जातो.

आणि नुकसान तिथेच थांबत नाही. जळाल्यावर उसाचे वजन घटत जाते. कांडीतली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, त्याचे दाणे धरत नाहीत. तोडलेल्या टोकांतून जंतू शिरून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात, रस घट्ट होतो आणि साखर धरणे अवघड होते. जळीत ऊस तोडून जितका वेळ पडून राहील तितका हा बिघाड वाढतो. त्याची किंमत सगळे सभासद मोजतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली, आणि उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैशांचा फरक धरला. म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे. कारखान्याचा उतारा ०.१ ने ढळला तर शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या हिशेबात ३,४६० रुपयांचा फरक पडू शकतो.

कायद्याचे म्हणाल तर तो याबाबत फार जुना आणि कडक आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत आगीने मालाची नासधूस करण्याच्या कलमाला नुकसानीची मर्यादा शंभर रुपये होती, पण शेतमाल असेल तर ती फक्त दहा रुपये. शेतातल्या पिकाला लावलेली आग इतकी गंभीर मानली होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३२६ मध्येही शेतमालाला आग लावून नुकसान करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. निष्काळजीपणे आग हाताळून दुसऱ्याला धोका केला तर कलम २८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "मी माझाच ऊस पेटवला" म्हणणाऱ्याने बांधापलीकडे पाहावे. वारा बांध ओळखत नाही.

पाचटाला काडी लावण्याआधी

तोड झाल्यावर पाचट पेटवण्यातूनही शेजारचा उभा ऊस जातो. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. त्यात अर्धा टक्क्याच्या आसपास नत्र, एक टक्क्याच्या आसपास पालाश आणि भरपूर सेंद्रिय कर्ब असतो. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी दिले की खोडव्यात ते जागच्या जागी कुजते. तण दबते, पाण्याची पाळी लांबते.

बाहेरच्या देशांनीही हा प्रश्न हाताळला आहे. ब्राझीलमधले साओ पाउलो हे उसाचे मोठे राज्य. तिथे तोडीपूर्वी ऊस पेटवायची सर्रास पद्धत होती. २००२ साली त्या राज्याने कायदा करून ती टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले. यंत्राने तोडता येणाऱ्या जमिनीला २०२१ आणि बाकीच्या जमिनीला २०३१ ही मुदत दिली. २००७ मध्ये कारखानदारांनी सरकारशी करार करून या मुदती २०१४ आणि २०१७ वर आणल्या. कायदा सरकारने केला, पण मुदत उत्पादकांनी आपणहून अलीकडे ओढली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये कोरड्या हवेत तिथे वणवे भडकले आणि उसाची मोठमोठी क्षेत्रे जळाली. नुसत्या कायद्याने आग थांबत नाही, सावधपणही लागते.

आग लागलीच तर

पहिले काम माणसे आणि जनावरे बाहेर काढायचे. फडात टोळीच्या कोप्या असतील तर आधी तिकडे धावा, लहान मुले कोपीत झोपलेली असतात. दुसरे, वीज बंद करून घ्या. तारेखाली पाणी मारू नका. तिसरे, ११२ ला आणि अग्निशमनाला १०१ ला फोन करा, लगोलग गट ऑफिसला कळवा. चौथे, आगीच्या मागे धावू नका. वारा कुठे वाहतो ते बघून पुढच्या बाजूला, पुरेसे अंतर ठेवून, सऱ्या मोकळ्या करून पट्टा पाडा. फवारणीचे ब्लोअर ट्रॅक्टर पाणी भरून त्या पट्ट्याकडेला उभे करा. पेटत्या उसाच्या मधोमध कोणीही शिरू नये. ऊस पुन्हा लावता येतो.

आग विझल्यावर त्याच दिवशी ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या तलाठी भाऊसाहेबांना, पंचनाम्यासाठी लेखी कळवा, पोलीस ठाण्यात खबर द्या, तारेचे कारण असेल तर महावितरणला अर्ज द्या. प्रत्येक कागदाची पोहोच घ्या. पंचनाम्यावर गट नंबर, जळालेले क्षेत्र, उसाचे वय आणि आगीचे कारण वाचून मगच सही करा. ऊस एकदम तोडून टाकू नका. गाडी ठरेल तेवढाच तोडा. उभा जळीत ऊस तोडलेल्यापेक्षा जास्त टिकतो.

शेवटी एक सूचना. पुणतांब्याच्या ग्रामसभेने २०१७ च्या एप्रिलमध्ये शेतकरी संपाचा ठराव केला, १ जूनला संप सुरू झाला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. ज्या गावाने मुंबईपर्यंत आवाज पोहोचवला त्या गावाला आपल्या शिवाराचा नियम करणे अवघड नाही. या हंगामात प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत तीन गोष्टी मांडाव्यात असे आम्ही सुचवतो : उभ्या उसाशेजारी पाचट पेटवायचे नाही, गावातल्या ब्लोअर ट्रॅक्टरवाल्यांची नावे व फोन नंबर चावडीवर लावायचे, आणि झोळ पडलेल्या तारांची यादी करून एकत्रित अर्ज द्यायचा. यादी करायला शेतकी खात्याचा माणूस सोबत येईल. गट ऑफिसात फक्त दिवस कळवा.