जुळ्यांच्या बारशाचा पेच

जुळे मुलगे झाल्याची बातमी घरी पोचली की नावांची पहिली जोडी बहुधा आजी-आजोबांकडून येते आणि ती असते राम-लक्ष्मण. रामायणाच्या हिशेबाने ही जोडी जुळ्यांची नाहीच. राम कौसल्येचा, लक्ष्मण सुमित्रेचा. लक्ष्मणाचा जुळा भाऊ शत्रुघ्न. पण लक्ष्मण-शत्रुघ्न अशी नावं पाळण्यात पडल्याचं सहसा कानावर येत नाही. जोडी ठरवताना लोक वंशावळ बघत नाहीत, दोन नावं एका दमात म्हणून बघतात.

खऱ्या जुळ्यांपैकी मराठी माणसाने जवळ केले ते सीतेचे मुलगे. उत्तरकांडात वाल्मीकी बाळांच्या रक्षेसाठी दर्भ देतात. थोरल्याला कुशाने पुसायचं म्हणून तो कुश, धाकट्याला लवाने म्हणून तो लव. म्हणजे थोरला कुश. तरी बोलण्यात लव पुढे जातो, कारण तसं म्हणणं जिभेला सोपं. खेड्यापाड्यांत तर या जोडीचं आणखी एक रूप रुळलं : लहू आणि अंकुश. जात्यावरच्या ओव्यांमधूनही सीतेची मुलं या नावांनी येतात. हे रूप जास्त शहाणपणाचं म्हणावं लागेल. लव हे नाव कुशावाचून अर्धवट वाटतं. लहू आणि अंकुश मात्र वेगवेगळ्या गावांत नोकरीला लागले तरी दोघांचीही नावं पुरी वाटतात.

नकुल-सहदेवांची गोष्ट निराळी. दोघे माद्रीचे, अश्विनीकुमारांचे पुत्र, पण काळाने दोघांना सारखं वागवलं नाही. नकुल आजही बालवाडीत सापडतो, सहदेव म्हटलं की धोतर-टोपी डोळ्यांपुढे येते. एका भावाला आजचं नाव आणि दुसऱ्याला पणजोबांचं, हा भेद मुलांना शाळेत पाऊल टाकताच कळतो.

आजच्या जोड्या पुराणातून कमी आणि यमकातून जास्त येतात. रोहित-मोहित, अजय-विजय, आरव-आरुष. पत्रिकेवर छापायला छान, पण हाक मारायला अवघड. गोंगाटात व्यंजनं आधी हरवतात, स्वर तगून राहतात. स्वयंपाकघरातून, मिक्सर चालू असताना ‘रोहित’ अशी हाक आली की दोघेही येतात किंवा, जे जास्त वेळा घडतं, दोघांपैकी कुणीच येत नाही. शिवाय आईबापांची जीभही घसरते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ओळखीच्या माणसाला चुकीच्या नावाने हाक मारण्याच्या सवयीवर अभ्यास प्रसिद्ध केला. अशी अदलाबदल मुख्यतः एकाच गटातल्या, म्हणजे एकाच घरातल्या माणसांमध्ये होते, आणि नावांची सुरुवात किंवा शेवट सारखा असेल तर ती वाढते, असं त्यात दिसलं. जुळे एका घरातले तर असतातच. निदान दुसरं कारण आपल्या हातून पुरवू नये.

मराठी घरात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे टोपणनावांची. अनिकेत आणि अनिरुद्ध ही कागदावर अगदी वेगळी, भारदस्त नावं. पण मैदानावर पहिल्याच आठवड्यात दोघांचाही ‘अन्या’ होतो. आदित्य आणि आदिनाथ दोघेही ‘आदी’. नाव ठरवताना त्याच्या शेवटी ‘या’ लावून, मित्राच्या आवाजात एकदा ओरडून बघायला हरकत नाही. पुढची पंधरा वर्षं तेच चालणार असतं.

सारख्या अक्षराचा आग्रह कित्येकदा पत्रिकेतून येतो. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, प्रत्येक चरणाला एक अक्षर. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणजे एक चरण सुमारे सहा तासांचा. जुळ्यांच्या जन्मात बहुधा काही मिनिटांचं अंतर, त्यामुळे दोघांच्याही वाट्याला एकच अक्षर येतं. रोहिणीचा दुसरा चरण असेल तर ‘वा’, फार कुरकुर नको. पण हस्त नक्षत्राचा तिसरा चरण निघाला तर अक्षर येतं ‘ण’, आणि मग एका बाळाला नाव सापडत नाही तिथे दोन कुठून आणायची? जुन्या लोकांनी यावर सोपी वाट काढून ठेवली आहे. नावरस नाव पत्रिकेत राहू द्यायचं, हाकेचं नाव आवडीचं ठेवायचं.

ही वाट जुळ्यांच्या घरात तर अवश्य धरावी, कारण मराठी नावाची घडणच पेचाची आहे. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. जुळ्यांची मागची दोन सारखी, जन्मतारीख सारखी, पत्ता सारखा. वेगळं असतं ते फक्त पहिलं नाव. समजा ते ओंकार आणि ओजस ठेवलं आणि वडील सुनील पाटील असले, तर जिथे आद्याक्षरं लिहितात तिथे दोघेही ओ. सु. पाटील. शाळेच्या यादीत, औषधाच्या चिठ्ठीवर, बँकेच्या पासबुकात गोंधळाला जागा तयार. हा गोंधळ गमतीचाच असतो असंही नाही. अमेरिकेत नवजात अतिदक्षता कक्षांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बाळासाठीच्या सूचना दुसऱ्याच्या नावावर नोंदल्या जाण्याचं प्रमाण जुळ्या-तिळ्यांमध्ये एकेकट्या बाळांपेक्षा जास्त निघालं.

मग जोडी जमवायचीच नाही का? जरूर जमवावी. तमिळनाडूचे क्रिकेटपटू बाबा अपराजित आणि बाबा इंद्रजित हे ८ जुलै १९९४ रोजी जन्मलेले जुळे भाऊ. दोन्ही नावांचा शेवट ‘जित’, सुरुवात मात्र इतकी वेगळी की धावफलकावर ब. अपराजित आणि ब. इंद्रजित यांची गल्लत होणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या वॉ जुळ्यांनी तर यमकाचीही गरज ठेवली नाही; स्टीव्ह आणि मार्क, दोन्ही आखूड, दोन्ही साधी, तरी अगदी निरनिराळी.

याहून सुंदर नमुना मात्र आपल्याच घरात आहे. विठ्ठलपंतांच्या मुलांची नावं निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. ही भावंडं जुळी नव्हती, पण नावं एकत्र घेतली की एका वाटचालीचे टप्पे वाटतात, आणि त्यांत यमकाचा मागमूसही नाही. एका अर्थाच्या धाग्यात गुंफलेली, आवाजाने दूर असलेली नावं जुळ्यांनाही शोभतात : समीर आणि पवन. नाहीतर सागर आणि निखिलसारखी कसलंही नातं न सांगणारी नावंही चालतात. सर्जा-राजा आणि ढवळ्या-पवळ्या बैलांसाठी राहू द्यावेत.

काही समाजांत हा प्रश्न उद्भवतच नाही. नायजेरियातल्या योरुबा लोकांत जुळ्यांची नावं जन्माआधीच ठरलेली असतात. पहिलं बाळ तायवो, दुसरं केहिंदे, मुलगा असो की मुलगी. गंमत अशी की मागून आलेला केहिंदे थोरला मानतात. जग कसं आहे ते बघायला त्याने तायवोला पुढे धाडलं, अशी समजूत. युगांडातल्या बागांडा लोकांत जुळ्या मुलग्यांपैकी थोरला वास्वा, धाकटा काटो. तिथल्या आत्यांना कानात ‘कुर्र’ करताना चिठ्ठी बघावी लागत नसणार.

आपल्याकडे बारशाची घाई असली तरी सरकारची नसते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, पण तेव्हा नाव ठरलेलं नसलं तरी चालतं. पुढच्या बारा महिन्यांत ते विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखल्याचं वजन वाढलं आहे, त्यामुळे त्यावरचं नाव आणि त्याचं इंग्रजी स्पेलिंग दोन्ही नीट तपासून घ्यावं. जुळ्यांचे दाखले वेगवेगळे निघतात. एकाच्या नावावर घरात एकमत झालं आणि दुसऱ्याचं आत्या आणि मामांच्या वादात अडकलं, तर पहिल्याचा दाखला तोवर पुरा करून घेता येतो.